बागुलबुवाला माणसाचा चेहरा देऊ नका

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या बाजारात आले. त्यांची कुटुंबं मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलू लागला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच पोचलेली होती. जमावाने पाचही जणांना मारायला सुरुवात केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे जीव जाईपर्यंत मारलं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या खटल्यात सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली.

त्या वेळी चर्चा झाली ती मोबाइलची. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. ते गरजेचंच होतं. पण अफवा वेगाने पोचली एवढ्यावरून ती पटली कशी, याचं उत्तर मिळत नाही. खांद्याला झोळी, अंगावर मळके कपडे, बोली वेगळी, गावात ओळखीचं कुणी नाही. एवढं दिसलं की हा मुलं उचलणारा, अशी खात्री इतक्या लोकांना एकाच वेळी कशी झाली? ते चित्र मोबाइलने काढलेलं नव्हतं. ते आपल्या घरांत काढलं जातं, मूल दोन-अडीच वर्षांचं असताना, वरणभाताचा घास गालात धरून बसलेलं असताना. ‘गीळ पटकन, नाहीतर तो बघ पोतंवाला आला, पोत्यात घालून नेईल.’

राईनपाड्याचे पाच मृत्यू मला घास भरवणाऱ्या आयांच्या माथी मारायचे नाहीत. दोषी ते, ज्यांनी मारलं. पण त्या दिवशी ज्या संशयाने माणसं पेटली, तो संशय आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानात घालत आलो आहोत, हे कबूल करायला हवं. माझं म्हणणं असं आहे: मुलांना भुताखेतांची भीती वाटायला हरकत नाही. गोष्टीतली भीती त्यांना हवी असते, ती मागून घेतात. हरकत आहे ती मोठ्यांनी आपलं काम उरकण्यासाठी भीतीचा धाक करण्याला, आणि त्याहून जास्त, त्या धाकाला रस्त्यावरून चाललेल्या खऱ्या माणसाचा चेहरा देण्याला. ही घराघरातली खासगी बाब उरलेली नाही. तिचे परिणाम आठवडी बाजारात दिसतात.

मराठी मुलखात भुतं पुष्कळ. पिंपळावरचा मुंज्या, विहिरीच्या काठावरची हडळ, लावसट, जखीण, खवीस, पाण्यात ओढणारा गिऱ्हा. कोकणात आणि गोव्यात वेताळ तर गावाचा राखणदार, रात्री सीमेवरून फेरी मारणारा देव. या प्रत्येकाला जागा आहे, वेळ आहे, सवयी आहेत, त्याच्यापासून सुटायचा उपाय आहे. सांगणाराही त्याला थोडाफार घाबरतो. बागुलबुवाचं तसं नाही. त्याला झाड नाही, विहीर नाही, पूर्वजन्म नाही, गोष्टसुद्धा नाही. कुठलाही मोठा माणूस बागुलबुवाला घाबरत नाही. तो फक्त मुलांसाठी केलेला आहे, आणि तो खोटा आहे हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मोठ्यांनी मुलाला जाणूनबुजून सांगितलेलं हे बहुधा पहिलं खोटं.

आणि मूल विचारतं, ‘कुठाय?’ तिथेच सगळी गडबड होते. बागुलबुवाला चेहरा नसल्यामुळे तो कुठून तरी उसना आणावा लागतो. मग दारातून जो जात असेल त्याच्याकडे बोट जातं. भंगार गोळा करणारा, झोळीवाला गोसावी, कडकलक्ष्मी घेऊन आलेला पोतराज, स्टँडवर स्वतःशी बोलत बसलेली बाई, ड्युटीवर निघालेला हवालदार. हे बोट कधीही बंगल्यातल्या, गाडीतून उतरणाऱ्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाकडे गेलेलं मी पाहिलेलं नाही. भीतीचा चेहरा आपण निवडतो तेव्हा तो नेहमी गरीब असतो, काळा असतो, वेडा असतो किंवा परगावचा असतो.

लहान मुलाच्या मनात हे कसं बसतं, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ अभ्यास झाला आहे. १९२० मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या बाळावर एक प्रयोग केला. आज तो कुणी करू देणार नाही आणि देऊ नये. बाळाला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. उंदीर जवळ आणला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. बाळ उंदराला घाबरू लागलं. पुढचं जास्त महत्त्वाचं: ते सशाला घाबरू लागलं, कुत्र्याला घाबरू लागलं, केसाळ कोटाला घाबरू लागलं. भीती एका वस्तूला चिकटली की तिच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्यांवर पसरते. त्या बाळाच्या मनातली भीती काढण्याचं काम प्रयोग करणाऱ्यांनी केलंच नाही.

ते काम चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या बाईंनी दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत केलं. जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना त्या ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत, मग रोज थोडा जवळ आणत. न घाबरणारी मुलं त्याच्या शेजारी खेळत असत. शेवटी त्याने सशाच्या अंगावरून हात फिरवला. दटावणं नाही, ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस’ नाही. आपल्याकडची एखादी शहाणी आजी अंधाराला घाबरणाऱ्या नातवाचा हात धरून त्याला माजघरातून परसदारी घेऊन जाते तेव्हा ती नेमकं हेच करत असते.

तिसरा अभ्यास १९९१ चा, इंग्लंडमधला. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक रिकामी पेटी दाखवली आणि सांगितलं, आत एक प्राणी आहे अशी कल्पना करा. काहींना ससा, काहींना राक्षस. आत खरंच काही आहे का, असं विचारल्यावर मुलांनी ठामपणे सांगितलं, नाही, आपण नुसतं मानलंय. मग प्रयोग करणारा माणूस खोलीबाहेर गेला. एकटी राहिल्यावर कित्येक मुलं पेटीकडे गेली, आणि खरंच काही असलं तर, असं त्यांना वाटल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे मुलाला खरं-खोटं कळत नाही असं नाही. कळतं. पण एकटेपणी त्या कळण्याचा आधार पुरत नाही. त्याला तेव्हा माणूस लागतो. आणि धाक घालणारा माणूस नेमका त्याच क्षणी ‘मी जाते, तू बस बुवाजवळ’ म्हणून निघून जायची धमकी देत असतो. बागुलबुवाच्या धाकातली खरी इजा ही आहे. मूल बुवाला जेवढं घाबरतं त्याहून अधिक, आई आपल्याला त्याच्या हवाली करेल याला घाबरतं.

हा धाक नवा नाही, फक्त आपलाही नाही. सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांच्या एका कन्नड पदात बाळकृष्ण यशोदेला विनवतो की त्या गुम्माला, म्हणजे कन्नड बागुलबुवाला, बोलावू नकोस, मी घरात गप बसेन, पुन्हा दूध मागणार नाही, रडणार नाही. स्पेनमध्ये गोया या चित्रकाराने १७९९ मध्ये छापलेल्या चित्रमालेत एक चित्र आहे: अंगभर कापड ओढून उभी असलेली आकृती, आईला बिलगून किंचाळणारी मुलं, आणि त्या आकृतीकडे पाहत बसलेली आई. मुलांना नसलेल्या गोष्टीची भीती घालणं हे शिक्षणातलं वाईट आहे, अशी टीका त्या चित्रातून त्याने केली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी.

मग भीती हद्दपारच करायची का? अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या काही मित्रांचं तसं मत आहे. त्यांच्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे, पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. आपल्या समाजाने भीतीशी खेळायच्या फार चांगल्या रीती तयार केलेल्या आहेत आणि त्या मुलांपासून हिरावून घेऊ नयेत.

रत्नागिरीकडे शिमग्यात नमन-खेळे येतात. त्यात संकासूर असतो: काळा पायघोळ अंगरखा, डोक्यावर उंच टोकदार मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. वाडीतली पोरं लांबून त्याला चिडवतात, तो धावून येतो, पोरं किंचाळत पळतात, पुन्हा येऊन चिडवतात. घाबरायचं किती आणि किती जवळ जायचं, हे तिथे प्रत्येक पोर स्वतः ठरवतं. सर्वांत लहान असतं ते बापाच्या खांद्यावरून बघतं. दोन वर्षांनी तेच पुढे उभं असतं. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. त्या राक्षसी आकृत्या रस्त्यावरून नेतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देतात, आणि शेवटी जाळून टाकतात. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवसापर्यंत पोरंसोरं गवत, कागद, रंग जमवून नरकासुर उभा करतात, जमेल तितका भयंकर, आणि पहाटे त्याचं दहन होतं. ज्या मुलाने नरकासुराचे दात स्वतःच्या हाताने चिकटवले आहेत, त्याला त्या दातांची भीती किती वाटायची ते कळतं.

बहुरूपी तर याहून पुढे जातात. पोलिसाचा वेश करून दारात यायचं, ‘चला ठाण्यात, तुमच्यावर वॉरंट आहे’ म्हणून घरधन्याला दरडावायचं, मग एकेक गमतीचे गुन्हे सांगत हसवत न्यायचं आणि शेवटी सलाम ठोकून बिदागी मागायची. दाराआडचं मूल आधी घाबरतं, मग बाप हसतोय हे बघून हसतं. एवढ्याशा खेळात त्याला कळून जातं की वर्दीच्या आत माणूस असतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. भीतीला शेवट आहे. संकासूर पुढच्या वाडीत जातो, मारबत जळते, नरकासुर पहाटे राख होतो, बहुरूपी टोपी काढतो, आजीच्या गोष्टीतला राक्षस मरतो आणि गोष्ट संपते. शिवाय शेजारी कुणीतरी आपलं माणूस बसलेलं असतं. धाकाला शेवट नसतो. ‘बुवा येईल’ म्हटल्यावर बुवा कधीच येत नाही, म्हणून तो कधी जातही नाही. पोत्यात घातलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. ती गोष्ट ऐकणारं मूल स्वतः रात्री पडल्या पडल्या पूर्ण करतं.

२०१८ मध्ये देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती पाहून अनेक राज्यांत लोकांनी निरपराध माणसांना ठेचलं. ती मूळची कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी केलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तो माणूस मूल परत आणून सोडतो आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतो. तो शेवट कुणीतरी कापला होता. शेवट काढून टाकला की जागृतीच्या फिल्मची अफवा होते. घरातल्या धाकाचंही तेच.

आता त्या चेहऱ्याकडे पुन्हा येऊ, कारण मला सर्वांत जास्त त्याचीच काळजी वाटते. डवरी गोसावी म्हणजे नाथपंथी. डौर हे डमरूसारखं वाद्य वाजवत दारोदारी गाणारा, भटक्या जमातींच्या यादीतला समाज. राज्य सोडून जोगी झालेल्या भर्तृहरीची गाणी या परंपरेने आपल्या दारात आणली. नंदीबैलवाला, पोतराज, मसणजोगी, कुडमुडे जोशी, बहुरूपी हे सगळे सुगीनंतर गावात यायचे आणि त्यांचं येणं गावाला ठाऊक असायचं. घराघरांत त्यांची जुनी ओळख होती. ‘गोसावी पोत्यात घालील’ हे बोलणं तेव्हाही होतं, पण तोच गोसावी दरवर्षी येऊन मूठभर जोंधळे घेऊन, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून जायचा. बोलण्यातला खोटेपणा त्याच्या वागण्याने दरवर्षी उघडा पडत असे. आता ती ओळख तुटली. शहरांतल्या सोसायट्यांच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत, ‘फेरीवाल्यांना व भिकाऱ्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या आहेत. गोसावी गेला, त्याच्याविषयीचं भय तेवढं उरलं, आणि ते खोडून काढायला समोर कुणी नाही.

हेच काम एकदा सरकारनेही केलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमातींच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरात तारेचं कुंपण घातलेल्या वसाहतीत त्यांना डांबलं, हजेरी लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण पारधी वस्तीशेजारच्या गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात, हे आजही कुणाला विचारायची गरज पडत नाही. कायदा कागदावरून पुसता आला. मुलाला दाखवलेलं बोट पुसायला कुठला अध्यादेश काढणार?

आणि आपण मराठी माणसांनी हे विशेष समजून घ्यायला हवं, कारण एके काळी आपणच दुसऱ्या कुणाचे बागुलबुवा होतो. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४१ नंतरची दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या, भास्करपंत कोल्हटकर त्यांचे सरदार. गावं लुटली गेली, जाळली गेली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ मध्ये शहराभोवती जो खंदक खणायला घेतला त्याला नावच पडलं मराठा खंदक. सरकारी घोड्यावर लढणाऱ्या आपल्या बारगिरांचे तिकडे बर्गी झाले, आणि बंगाली आया आजही अंगाईत गातात: बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरू? पावणेतीनशे वर्षं झाली. ते गाणं म्हणणाऱ्या आईला पुण्या-नागपूरच्या माणसाविषयी काहीही आकस नसतो. पण विचार करा, आपण त्या काळात तिकडे झोळी घेऊन फिरणारे साधे यात्रेकरू असतो तर आपली भाषा ऐकून गावाने काय केलं असतं? बंगालच्या भीतीला निदान जळालेल्या गावांचा आधार तरी होता. डवरी गोसाव्याने आपलं काय जाळलं होतं?

या प्रकारच्या हत्या आदिवासी, दुर्गम भागांत झाल्या म्हणून शहरातले लोक ‘अडाणी माणसं’ म्हणून मोकळे होतात. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला अशाच अफवांच्या वातावरणात मारलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा गावी पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. ते सुदैवाने वाचले. पण त्या अफवा शिकलेल्या लोकांच्या कुटुंबाच्या गटांवर, शाळेच्या पालकांच्या गटांवर, ‘खात्री नाही, पण काळजी घ्या’ अशी ओळ वर लिहून फिरत होत्या. ती ओळ लिहिणाऱ्यांची मुलंही घास खाताना पोतंवाल्याचं नाव ऐकतच वाढली आहेत.

‘आम्हीही असेच वाढलो, काय बिघडलं आमचं?’ हा नेहमीचा प्रश्न. बऱ्याच जणांचं वरवर काही बिघडलं नाही, हे खरं. अंधाराची आणि राक्षसांची भीती साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात जोरात असते आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांची ओसरते. बागुलबुवा मागे पडतो. मात्र मुंज्याला हसणारा माणूस झोळीवाल्याला फाटकाशी अडवतो तेव्हा त्याला ते लहानपणचं भय आहे असं वाटत नाही, सावधपणा वाटतो. कल्पनेतल्या भुताची भीती वयाबरोबर जाते, कारण भूत कधी भेटत नाही. माणसाची भीती जात नाही, कारण तो माणूस रोज दिसतो.

आईची बाजू मला कळते. दहा बाय दहाची खोली, कुकरच्या शिट्ट्या, पाचची पाळी गाठायची घाई, आणि मूल एकेक घास दहा मिनिटं चघळतंय. तिच्याजवळ वेळ नाही, मदतीला कुणी नाही, नवरा घरात असला तरी हा उद्योग तिचाच समजला जातो. बागुलबुवा तिला तेवढा क्षण सोपा करून देतो. म्हणून या प्रश्नावर बोलताना आयांना उपदेश करणाऱ्या पुरुषांनी आधी भरवायला बसावं, असं मला मनापासून वाटतं.

गावाकडचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. विहिरीत साती आसरा ओढतात, डोहात गिऱ्हा आहे, या भयाने कित्येक मुलं पाण्यापासून लांब राहिली. खरं आहे. पण त्या भयाचं आयुष्य किती? मूल आठ-नऊ वर्षांचं झालं, विश्वास उडाला, मित्र म्हणाले चल, की ते विहिरीवर जातं, आणि तेव्हा त्याला ना पोहता येत असतं, ना पाण्याची खोली ओळखता येत असते. एवढी वर्षं आपण त्याला गिऱ्ह्याविषयी सांगितलं, पाण्याविषयी काही नाही. ‘ही विहीर चार पुरुष खोल आहे, पायऱ्यांवर शेवाळ आहे, तू घसरलास तर वर येता येणार नाही, चल मी तुला पोहायला शिकवतो’ हे वाक्य मुलाला चौथ्या वर्षीही समजतं आणि चौदाव्या वर्षीही उपयोगी पडतं.

हवालदार आणि डॉक्टर यांच्या बाबतीत तर धाक सरळ मुलाच्या जिवावर उठतो. आषाढीच्या गर्दीत चुकामूक झालेल्या मुलाला हात देणारा पहिला माणूस बहुधा खाकीतला असतो. त्याला पाहून मूल लपलं तर? पोलीस खात्याने शाळाशाळांतून ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ असे उपक्रम चालवले आहेत, ते याचसाठी. इकडे घरात मोबाइलवर खोट्या पोलिसाचा फोन येणारी अ‍ॅपं वापरून मुलांना जेवायला लावलं जातं. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीबाहेर ‘गप बस, नाहीतर बाई अजून एक सुई टोचतील’ हे वाक्य ऐकू येतं, आणि ज्या परिचारिकेने पुढची पाच वर्षं त्या मुलाला तपासायचं असतं तिची त्याच्याशी ओळख शत्रू म्हणून होते.

सगळ्यांत गंभीर गोष्ट यापुढची. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून केलेला. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि छळ करणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बागुलबुवा मुलाला शिकवतो की धोका बाहेरून येतो, फाटक्या कपड्यांत येतो, पोतं घेऊन येतो. घरातला काका, क्लासचे सर, शेजारचा दादा यांच्याविषयी तो चकार शब्द काढत नाही. आणि छळ करणारा मुलाला गप्प बसवायला काय वापरतो? तोच धाक. ‘सांगितलंस तर पोलीस तुला घेऊन जातील, आई तुला सोडून जाईल.’ ही वाक्यं मुलाने आधीच घरात ऐकलेली असतात, म्हणून ती लगेच खरी वाटतात. जे मूल धाकाने गप्प बसायला शिकलं, ते नको तिथेही गप्प बसतं. त्याला मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक पाठ करून काय उपयोग, जर पलीकडून फोन उचलणाऱ्या मोठ्या माणसावर त्याचा विश्वासच नसेल?

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, तेव्हा मुलाला भीती आणि शिक्षा यांच्यापासून मोकळं ठेवणं हे त्यांच्या कामाचं मूळ होतं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी हे काम बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेलं. कोसबाड डहाणू तालुक्यात आहे. गडचिंचलेही त्याच तालुक्यात. त्या भागातल्या लोकांनी सावकार, ठेकेदार, जंगल खातं यांच्या रूपाने बाहेरच्या माणसाचा जो अनुभव घेतला आहे तो विसरून त्यांना दोष देणं सोपं आहे, आणि ते मी करणार नाही. पण कोसबाडला सुरू झालेलं काम आपण राज्यभर पोचवलं नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेत मुलाला मारण्यावर आणि त्याच्या मानसिक छळावर बंदी आणली. तो कायदा सहा वर्षांच्या पुढे लागू होतो. बागुलबुवाचं राज्य त्याआधीच्या वयात असतं, म्हणजे घरात आणि अंगणवाडीत.

म्हणून सुरुवात अंगणवाडीपासून व्हावी. सेविकांच्या प्रशिक्षणात आहार आणि वजनाच्या तक्त्याएवढंच महत्त्व या विषयाला मिळावं: मूल घाबरलं तर काय करायचं, त्याच्या जवळ कसं बसायचं, सुईविषयी खरं कसं सांगायचं (‘दुखेल, मुंगी चावल्यासारखं, मी हात धरते’). मातांच्या बैठकीला वडिलांनाही बोलवावं आणि हे त्यांच्यासमोर बोलावं. मुलाला गोष्टी भरपूर सांगाव्यात, राक्षसांच्या, भुतांच्या, त्याने मागितल्या तर रोज. त्याने ‘बास’ म्हटलं की थांबावं. पालकांच्या गटावर मुलं पळवणाऱ्यांचा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करावा. तिथला अधिकारी दोन मिनिटांत सांगू शकतो.

शाळांनी आणखी एक गोष्ट करावी. सुगीनंतर भागात आलेल्या डवरी गोसाव्याला, बहुरूप्याला, पोतराजाला सन्मानाने शाळेत बोलवावं, डौर वाजवायला सांगावं, झोळीत काय असतं ते मुलांना दाखवायला सांगावं, मुलांनी त्याला गावाचं नाव, मुलाबाळांची नावं विचारावीत. गावात आलेला माणूस कोण, कुठला, हे शाळेतल्या पोरांना माहीत असलं तर बाजारातही ते सांगायला चार तोंडं असतील. त्या दिवसाचं मानधन ग्रामपंचायतीने द्यावं आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद पाहुणा कलावंत म्हणून व्हावी.